कच्चा लाल रंग

मित्रांनो, तुमच्यापैकी कोण मला जपून वापरील आणि कोण माझ्याने पाठ खाजवील, हे मला ठाऊक नाही. म्हणून मी तुमच्याकडे जरा लांबूनच बघते आहे. रागावू नका. मी एक जुनी विणायची सुई आहे आणि संशय घेणे हा माझा स्वभाव आहे. त्या संशयातला किती खरा निघाला आणि किती खोटा, तेच तुम्हांला सांगणार आहे.

मी जन्माने सुई नाही. मी एका सायकलच्या मागच्या चाकातली तार होते. चाक मोडले तेव्हा शहापूरच्या एका सायकलवाल्याच्या दुकानात मी आणि माझी जोडीदारीण, दोघी कोपऱ्यात पडून होतो. एक दिवस काखेत कुबडी घेतलेला एक उंच माणूस दुकानात आला.

"दोन तारा दे रे. सरळ बघून दे."

"सायकल कुठंय तुमची?" सायकलवाल्याने विचारले.

"सायकल नाय माझ्याकडं."

मला तिथेच शंका आली. ज्याच्याकडे सायकल नाही, त्याला तारा कशाला हव्यात? त्याने आम्हांला घरी नेले, पाट्यावर पाणी शिंपडले आणि आमची टोके घासायला घेतली. आता आपले काही खरे नाही, असे मला वाटले. पण तो घासत होता ते फार सावकाश. मध्येच बोटाच्या पेरावर टोक फिरवून बघत होता. माझे दुसरे टोक मुळातच वाकडे होते आणि त्याला चपटे डोके होते. ते त्याने तसेच ठेवले. पुढे मला कळले की त्या डोक्यामुळेच टाके ओघळून पडत नाहीत.

त्या माणसाचे नाव कुंडलिक. खर्डीजवळच्या एका गावात त्याचे घर होते आणि आटगावच्या पुढे एका रेल्वे फाटकावर तो नोकरीला होता. रुळाच्या खडीवरून घसरून त्याचा पाय मोडला, तेव्हा तीन महिने तो कल्याणला रेल्वेच्या दवाखान्यात पडून होता. तिथल्या एका सिस्टरने त्याला विणायला शिकवले होते. सुलट टाका, उलट टाका, एक सोडून एक. दवाखाना सुटला तेव्हा सिस्टरच्या सुया सिस्टरकडे राहिल्या, पण विणायची गोडी काही सुटली नाही. म्हणून तो आमच्यापर्यंत आला होता.

फाटकावर आमची चांगली वर्षे गेली. गुमटीच्या, म्हणजे फाटकवाल्याच्या चौकीच्या, बाजूला त्याने अबोली आणि वालाचे वेल लावले होते. गाडीची घंटी झाली की तो आम्हांला पिशवीत ठेवी, फाटक बंद करी आणि झेंडा घेऊन उभा राही. गाडी गेल्यावर, फाटक उघडून, हात पुसून पुन्हा विणायला बसे. फाटकाशी थांबलेले गाडीवान हसत. "काय गो बाय, झाला का स्वेटर?" असे कोणी ओरडले की कुंडलिकही हसे. त्याला ते लागत नाही, यावर मात्र माझा कधीच विश्वास बसला नाही. कारण त्यानंतरच्या दोन ओळी तो नेहमी घट्ट विणी.

पंच्याण्णव साली तो निवृत्त झाला आणि गावी राहायला आला. बायको आधीच वारली होती. एकुलती मुलगी नम्रता लग्न होऊन मुरबाडला गेली होती. मग घराच्या परसात त्याने बाग उभी केली. मांडवावर दुधी आणि घोसाळी, कुंपणाला वाल, विहिरीच्या पन्हळीजवळ मोगरा आणि कोपऱ्यात एक लिंबाचे झाड. सकाळी बाग आणि दुपारी विणकाम, असा त्याचा दिवस ठरलेला होता.

त्याची एक सवय तुम्हांला सांगायला हवी, कारण पुढे सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. वेलावरचा जो दुधी सगळ्यांत गोड आणि सरळ येई, त्याच्या देठाला तो उरलेल्या लोकरीचा तुकडा बांधून ठेवी. लोकर बांधली की तो दुधी तोडायचा नाही. वेलावरच वाळू द्यायचा आणि त्याचे बी धरायचे. सुतळीने कोवळा देठ कापतो, लोकरीने कापत नाही, असे तो म्हणे.

बागेला लेंडीखत आणून देणारी एक बाई होती, भिमी. गावाबाहेरच्या वाडीत ती राहत असे. खताची पाटी उतरवली की ती ओट्यावर टेकायची आणि माझ्या लोकरीच्या टोपलीकडे टक लावून बघायची. ती येऊन गेली की लोकरीचे तुकडे कमी झालेले असत, हे मी दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा माझी खात्री पटली की ही बाई चोर आहे. कुंडलिकला हे दिसत कसे नाही, याचा मला राग येई. तो तर तिला जाताना मूठभर बी देई आणि वर म्हणे, "भिमे, पुढच्या टायमाला जरा लवकर ये गो."

गावात कोणाला मूल झाले की कुंडलिक टोपडे विणी. कोणी मागायची वाट बघत नसे, आधी सांगतही नसे. पाचव्या-सहाव्या दिवशी जाऊन नुसते ठेवून येई. बाळंतिणी खूश होत. पुढे ओट्यावर आल्या की आम्हां दोघींनाही कौतुकाने हातात घेऊन बघत. फक्त शेजारच्या धोंडूबाईला हे आवडत नसे. तिचे म्हणणे मी कुंपणापलीकडून कितीतरी वेळा ऐकले होते.

"कोण फुकट देतं आजकाल? कायतरी पायजे असंल त्याला."

खरे सांगू का? मला धोंडूबाईचे बोलणे पटत असे. मलाही हा माणूस पुरता कळला नव्हता.

धोंडूबाईचा मुलगा जयराम आणि सून छाया. छायाची आधीची दोन मुले पोटातच गेली होती. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत तिला मुलगी झाली, मनस्वी. जत्रेत एका फिरत्या विक्रेत्याकडून आणलेली लालभडक लोकर कुंडलिकच्या टोपलीत नवीच होती. त्याने त्या लोकरीचे टोपडे विणले आणि त्याला कानांवरून बांधायचे बंद केले. उरलेल्या लाल तुकड्यांनी वेलावरच्या बियाण्याच्या दुध्यांना खुणा केल्या.

टोपडे द्यायला गेला तेव्हा धोंडूबाई दारातच उभी होती. तिने हात पुढे केला नाही. छायाने आतून येऊन ते घेतले आणि लगेच मुलीच्या डोक्याला बांधले. थंडी होती. पोर चार दिवस त्या टोपड्यातच होती.

पाचव्या दिवशी मनस्वी आजारी पडली. अंग तापले, ती दूध ओढेना. आणि टोपडे काढले तर कपाळावरून कानांपर्यंत लाल पुरळाची गोल रेघ उठलेली.

त्याच सकाळी कुंडलिक परसात बसून लिंबे टोचत होता. अख्खी लिंबे मिठात मुरवायची तर त्यांना आधी भोके पाडावी लागतात. त्या कामाला तो मलाच घेई. मला ते मुळीच आवडत नसे, कारण आंबट रसाने अंगावर डाग पडतात. मी एका लिंबात निम्मी रुतलेली असताना सहज वर पाहिले, तर कुंपणाच्या फटीत धोंडूबाईचा डोळा होता. तो डोळा माझ्यावरून लिंबावर गेला, लिंबावरून मांडवावर गेला. तिथे चार दुधी लोंबत होते आणि चारहींच्या गळ्यात तीच लाल लोकर होती.

डोळा नाहीसा झाला. थोड्या वेळाने पलीकडून हाक ऐकू आली. "जयराम! अरे जयराम, हिकडं ये आदी!"

तासाभरात जयराम चार माणसे घेऊन परसात आला. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. त्याने काही विचारले नाही. मांडवाचा बांबू धरून ओढला, तसा अर्धा मांडव खाली आला. मग त्याने आम्हां दोघींना उचलले आणि माझ्या जोडीदारणीला गुडघ्यावर ठेवून वाकवले. तिचा आवाज मी अजून विसरले नाही.

"काय केलंस माज्या पोरीला? बोल म्हाताऱ्या!"

"मी? मी काय करणार रे तिला?" कुंडलिक उठून उभा राहिला. "काय झालं मनस्वीला?"

"नाव नको घेऊ तिचं!" धोंडूबाई पुढे झाली. "लिंबाला सुया टोचतोस, फळांच्या गळ्याला लोकर बांधतोस, तीच लोकर पोरीच्या डोक्याला. मी माज्या डोळ्यांनी बगितलाय. आता भगताकडं जातोय आमी. तो सांगल काय ते."

गोळा झालेल्यांत कुजबुज सुरू झाली. ज्या बायकांनी टोपडी कौतुकाने घेतली होती, त्यांतल्याही दोघी मागे सरकल्या. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. त्या क्षणी मीसुद्धा कुंडलिककडे संशयाने पाहिले. लिंबे मी टोचली होती, टोपडेही मीच विणले होते. मग हा सगळा प्रकार काय होता, ते मला तरी कुठे पुरते ठाऊक होते?

एवढ्यात माणसांतून वाट काढत भिमी आली. डोक्यावर खताची पाटी तशीच होती.

"ती लोकर बियान्याची हाय," ती म्हणाली. "माज्या वेलाला पन बांदलीय मी. हितलेच तुकडे नेते, कुंडलिकदादानंच सांगितलंय न्यायला. चला, दावते."

"तू गप गो!" धोंडूबाई ओरडली. "तूच शिकवलं असशील त्याला हे धंदे."

भिमीने पाटी खाली ठेवली. अशा वेळी वाडीतल्या बाईवर आळ यायला किती वेळ लागतो, ते तिला माहीत होते. तरी ती हलली नाही. "त्यानं शिकवलं मला. मी नाय त्याला. जयरामदादा, गेल्या साली तू दुदी नेलास ना हितून? बायकोला पोटुशी असताना खायाला? तो ह्याच बियान्याचा व्हता. काय झालं तवा?"

जयरामने पडलेल्या मांडवाकडे पाहिले. मी मनातल्या मनात खाली मान घातली. दोन वर्षे मी या बाईला चोर समजत होते.

कुंडलिकचे भांडणाकडे लक्षच नव्हते. तो धोंडूबाईला विचारत होता, "वयनी, पोरीला झालंय काय, ते तरी सांगा."

"आंग तापलंय. आनि कपाळाला रिंगण उमटलाय, लाल. तू काडलेला!"

"रिंगण?" तो थबकला. "टोपड्याच्या कडेनं?"

मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. आत जाऊन तो एक पांढरा वाडगा पाण्याने भरून घेऊन आला, जमिनीवर ठेवला आणि टोपलीतल्या लाल लोकरीचा गुंडा त्यात बुडवला.

"हात नका लावू कोणी त्या पाण्याला!" कोणीतरी ओरडले. सगळे दोन पावले मागे झाले.

पाणी आधी तसेच राहिले. मग गुंड्याच्या खालून एक लाल धागा निघाल्यासारखा दिसला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा वाडगा लाल झाला.

"रगात!" धोंडूबाईच्या तोंडून निघाले.

"रगात नाय वयनी. रंग हाय. कच्चा." कुंडलिकने त्या पाण्यात हात घातला आणि लाल बोटे सगळ्यांना दाखवली. त्याचा आवाज बारीक झाला होता. "पोरीच्या डोक्याला घाम आला असंल, त्यात हा उतरला. पुरळ माज्या टोपड्यानंच उठलंय. लोकर भिजवून बघायला पायजे होती. नाय बघितली. चूक माझी हाय."

"बगा! कबूल केलान!" धोंडूबाई ओरडली, आणि दोन माणसे पुढे सरकली.

मला वाटले, आता हा माणूस संपला. गप्प बसला असता तर भिमीच्या बोलण्याने कदाचित सुटला असता. स्वतःच्या तोंडाने चूक कोण सांगते, तेही अशा वेळी?

पण तो बोलतच राहिला. "माझं काय करायचं ते मागनं करा. पण रंगानं पुरळ येतं, ताप नाय येत. तापाचं कायतरी वेगळं हाय. जयराम, ती श्वास कशी घेते?"

याचे उत्तर छायाने दिले. ती कधी आली ते कोणाला कळले नव्हते. मनस्वीला कपड्यात गुंडाळून ती कुंपणाशी उभी होती.

"धाप लागल्यागत करते काका. बरगड्या आत जातात."

कुंडलिक लंगडत तिच्याजवळ गेला. त्याने पोरीला हात लावला नाही. हात मागे बांधून नुसते वाकून पाहिले. "कल्याणला वॉर्डात मी असं बघितलंय," तो म्हणाला. "भगत नको गो छाया. शहापूरला दवाखान्यात ने. आत्ता."

"कुठं जायाचं नाय," धोंडूबाई म्हणाली. "ह्याचं ऐकतेस तू?"

छायाने सासूकडे पाहिले. मग त्या लाल वाडग्याकडे पाहिले. "आत्या, ज्यानं स्वतःची चूक सांगितली त्याचंच ऐकते. खोटं सांगायचं असतं तर त्यानं ती सांगितली नसती." आणि ती वळून सडकेकडे चालायला लागली. थोडी पुढे जाऊन म्हणाली, "काका, तुमी पण चला. डॉक्टरला हेच सांगा."

कुंडलिकने टोपडे मागून घेतले, जयरामच्या हातून आम्हांलाही घेतले आणि घाईत सगळे कोटाच्या खिशात कोंबले. म्हणून पुढचे मला माहीत आहे. सडकेवर एक जीप मिळाली. जयराम त्याच जीपमध्ये बसला, पण सबंध वाटेत तो कुंडलिककडे बघत होता. पोरीला आता हा काही करील, या भीतीने असेल. दवाखान्यात डॉक्टरांनी टोपडे चिमटीत धरून पाहिले आणि बाजूला टाकले. पुरळ दोन दिवसांत जाईल, म्हणाले. मग मनस्वीच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा बदलला. न्यूमोनिया होता. आठ दिवस ती तिथे राहिली. तिसऱ्या दिवशी तिने दूध ओढले, तेव्हा छाया पहिल्यांदा रडली.

इथे गोष्ट संपली आणि सगळे गोड झाले, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. जयरामने एक दिवस येऊन मांडव पुन्हा उभा केला. काम झाले तसा निघून गेला. माझ्या जोडीदारणीला कुंडलिकने ठोकून सरळ केले, पण तिच्यात एक बाक राहिलाच. अजून तिच्यावरची ओळ विणताना टाका जरा सैल पडतो. आणि गावातल्या बाळंतिणींनी टोपडी घेणे बंद केले. कुंडलिक आता प्रत्येक लड तीन वेळा पाण्यातून काढी, पांढऱ्या फडक्यावर दाबून बघे, तरीही. दोन वेळा त्याने नेऊन दिले, आणि दोन्ही वेळा टोपडे दारातल्या खुंटीवर तसेच टांगलेले दिसले. मग त्याने आम्हांला डब्यात ठेवले. पाच-सहा वर्षे आम्ही त्या डब्यात होतो. माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आले. बागेत तो रोज जाई. आमच्याकडे येत नसे.

डबा उघडला तो मनस्वीने. ती तेव्हा पहिलीत होती आणि कुंपणाच्या फटीतून सरळ आत येत असे. "आजोबा, ह्या तारा कशाला?" तिने विचारले. कुंडलिकने आमचा गंज राखेने घासून काढला आणि तिला पहिला टाका घालून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मनस्वीच्या मागोमाग धोंडूबाई आली. नातीला तिने अडवले नाही, कारण छायाने तसे बजावले होते. पण ओट्याच्या खालच्या पायरीवर ती पहारेकऱ्यासारखी बसली. डोळे माझ्यावर. पाणी विचारले तर नको, वर बसा म्हटले तर नको. रोज दुपारी असेच. मुलगी विणायची, कुंडलिक टाके मोजायचा आणि धोंडूबाई राखण करायची. दोन वर्षे ती अशी बसली. मग हळूहळू बसल्या बसल्या बोलू लागली. मोगऱ्याला पाणी जास्त होतंय. वाल उशिरा लावलास. पोरीचा टाका सुटलाय, दिसत नाय का तुला?

एका दुपारी मनस्वी घरी नव्हती, आईबरोबर मामाकडे गेली होती. मला वाटले, आज ओटा रिकामा राहणार. पण ठरल्या वेळी धोंडूबाई आली आणि पायरीवर बसली. राखायला कोणी नव्हते, हे तिला माहीत होते. कुंडलिकलाही माहीत होते.

"वयनी, च्या ठेवू का?"

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"ठेव. पन मी चुलीपाशी बसते. साकर माज्यासमोर घाल."

त्याने साखर तिच्यासमोर घातली. पातेल्यातला चहा दोन पेल्यांत ओतला आणि म्हणाला, "कुठला पायजे तो घ्या." तिने दोन्ही पेल्यांत डोकावून पाहिले, त्याच्या हातासमोरचा उचलला आणि तळापर्यंत प्यायली.

आता कुंडलिकला डोळ्यांनी नीट दिसत नाही. तो नम्रताकडे मुरबाडला असतो. बाग मनस्वी आणि धोंडूबाई बघतात आणि आम्ही दोघी मनस्वीच्या दप्तराच्या कप्प्यात असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या सुईला फार काही लागत नाही. वापर झाला की कोरड्या फडक्याने पुसा, थोडे तेल लावा, आणि पाठ खाजवायला दुसरे काही शोधा. संशय येऊ नये, असे मी तुम्हांला सांगणार नाही. तो मलाही येतो, आजही येतो. पण तो आला की मनात मुरवत ठेवू नका आणि चार माणसे गोळा करून मांडवही पाडू नका. ज्याच्याबद्दल तो आला आहे, त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. लागली तर दोन वर्षे बसा.